चाळलेले निरोप

"निरोप चाळून द्यावा, बाई. खड्यांसकट दळून कुणी भाकरी करतं का?"

हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असेल. पेठ नाक्याच्या कोपऱ्यावर, सायकलवाल्याच्या दुकानाला लागून, पिवळ्या पाटीचा एक एसटीडी बूथ होता. तो चालवणाऱ्या बाईंना सगळा नाका मावशी म्हणायचा; हे वाक्य त्यांचंच. नातवंडांनो, तुम्ही फोन खिशात घेऊन जन्मलात, म्हणून आधी हे सांगते. आमच्या कॉलनीत तेव्हा फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. तोवर लोक मावशींच्या बूथचा नंबर आपला म्हणून देत. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, सगळीकडे. फोन आला की मावशी रिसीव्हर घडी घातलेल्या नॅपकिनवर आडवा ठेवत, त्यात वाकून "ठेवू नका हं, आलेच घेऊन" म्हणत आणि पदर खोचून निघत.

माणूस सापडलं नाही तर निरोप. पलीकडचा घाईत असे, कारण त्याच्या बूथवर मीटरचे लाल आकडे पळत असत. माणसं तुटक बोलत, कधी टाकून बोलत. मावशी ते सगळं ऐकून घेत, आणि दारात पोचेपर्यंत त्याचं काहीतरी वेगळंच झालेलं असे.

तुमचा बाबा नुकताच अमेरिकेत गेला होता. एका संध्याकाळी मावशी आमच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. "दिवाळीला यायला जमत नाही म्हणाला. पण चकलीची फार आठवण येते म्हणाला. आणि म्हणाला, आईला सांगा, जेवत जा वेळेवर." मी डोळे पुसले, दुसऱ्या दिवशी भाजणी काढली आणि चकलीचा डबा पार्सलने धाडला. पुढे तो आला तेव्हा हसत म्हणाला, "आई, मी फक्त 'जमणार नाही' एवढंच बोललो होतो. चकली कुठून आली मला कळेना. पण डबा दोन दिवसांत संपवला."

मी जाब विचारायला गेले. जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई मी. दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हात जसेच्या तसे ठेवावेत, हे मी पिढ्यान्‌पिढ्या पोरींना घोकवलं होतं.

"मावशी, निरोप जसाच्या तसा द्यायचा असतो."

"जसाच्या तसा टपाल खातं देतं की, बाई. चकली आवडली ना त्याला?"

तुमचे आजोबा आठवडाभर मला "जेवत जा वेळेवर" म्हणून चिडवत होते.

बूथवर जास्त गर्दी असे ती वर डोंगरातल्या, सुरगाण्याकडच्या लोकांची. भात-नागली निघाली की ती माणसं जीपमध्ये दाटीवाटीने बसून कामाला खाली उतरत. यमुना त्यांतलीच. मखमलाबादच्या मळ्यात फुलं तोडायला असे आणि नाक्याजवळच राही. नवरा गुजरातेत बांधकामावर. तो रविवारी फोन करी, तेव्हा यमुना हमखास मळ्यात. त्यामुळे त्यांचा अर्धा संसार मावशींच्या तोंडून चाले.

एकदा मी झेरॉक्स काढायला थांबले होते. पलीकडचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "तिला सांगा, पोरगी तापली का लगेच फोन लावायचा नाय. मी काय डाक्टर हाय का?" संध्याकाळी यमुना आली तेव्हाही मी तिथेच होते. मावशी म्हणाल्या, "पोरीच्या तापाचं ऐकून जीव कासावीस झाला गं त्याचा. मुकादम सोडत नाही म्हणाला. आणि जेवत जा वेळेवर, म्हणाला." यमुना लाजली, पण तोंडाने फणकारली, "त्याला सांगा, आता आला तरी दार नाय उघडायची." पुढच्या रविवारी मावशींनी फोनवर सांगितलं, "दाराकडे डोळे लावून बसते, म्हणाली."

तो होळीला आला की दोघं बूथवर येत. नवरा मावशींसाठी एखादी लोणच्याची बरणी आणी. ती दोघं एकमेकांशी फार बोलत नसत. हसत मात्र असत.

मग मोबाइल आले. आधी कांद्याच्या व्यापाऱ्यांकडे, मग रिक्षावाल्यांकडे, आणि बघता बघता मळ्यातल्या बायांच्या कनवटीलासुद्धा. यमुनाने मोबाइल घेतला तेव्हा पहिला मावशींना दाखवायला आणला. मावशींनी त्याला हळदकुंकू लावलं. "आता तुला धावायला नको, आणि मलाही," असं म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता, हे मी पाहिलं आहे.

त्यानंतर त्या नवराबायकोला कुणी चाळून देणारं उरलं नाही. तो दमून, कधी पिऊन फोन करी. ती दिवसभर वाकून आलेली असे. जे तोंडाला येईल ते थेट कानात. वर्षभरात त्याचे फोन बंद झाले. होळीलाही तो आला नाही. तिकडे दुसरी केली असं जीपवाल्यांकडून कळलं.

यमुना बूथवर आली त्या दुपारी मी तिथे होते. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. तेव्हा ते नसायचंच.

"मावशी, खरं सांगा. जीव कासावीस झाला, असं तो कधी म्हनला व्हता का?"

मावशी नॅपकिनने रिसीव्हर पुसत राहिल्या. तो स्वच्छच होता.

"म्हणाला असता गं. मीटर पळत होतं."

"म्हंजे इतकी वर्सं मी तुमच्यासंगच बोलत व्हते," यमुना म्हणाली. "मला आधीच कळलं असतं त हा कसा हाय, त मी तशी ऱ्हायले असते."

ती आवाज न चढवता बोलली आणि गेली. पुन्हा बूथची पायरी चढली नाही.

त्या पावसाळ्यानंतर मावशींनी बूथ बंद केला. लोक म्हणाले, धंदा बसला. तो बसला होताच. पण मला वाटतं, त्यांचं मनच त्यातून उठलं होतं. त्या एकलहऱ्याला लेकीकडे, वीज केंद्राच्या कॉलनीत राहायला गेल्या. मी अधूनमधून जात असे. दर वेळी त्या विचारत, "यमुना काय म्हणते?"

"काही म्हणत नाही," मी सांगे.

"तुम्ही आपल्या जसंच्या तसं सांगता हं, बाई," असं म्हणून त्या हसत, आणि खिडकीतून धुराड्यांच्या राखाडी धुराकडे बघत बसत.

मावशी गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. लेकीने इंग्रजी अक्षरांत दोन शब्द पाठवले होते. 'आई एक्स्पायर्ड.' त्या पोरीचाही दोष नाही, तिला शंभर जणांना कळवायचं होतं. मी मात्र ते दोन शब्द हातात धरून बराच वेळ ओट्याशी उभी होते.

यमुना तेव्हा नाक्यावर, बूथ होता त्याच्या समोरच, झेंडूची पाटी घेऊन बसू लागली होती. मी जाऊन तिला सांगितलं. तिने फुलं मोजणं थांबवलं नाही. खाली बघतच विचारलं, "काय बोलल्या का शेवटी?"

मला काय माहीत? मी तिथे नव्हते.

"म्हणाल्या," मी म्हटलं, "यमुनाला सांगा, मनात ठेवू नको. आणि जेवत जा वेळेवर."

यमुनाचे हात थांबले. तिने माझ्याकडे वर पाहिलं.

"बाई, तुमीपन चाळलं ना?"

तिने पाटी बाजूला सरकवून मला बसायला जागा केली.

"असू द्या," ती म्हणाली. "परत एकदा सांगा."