नेमबाजाचा सदरा

पंप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळं गाव नेमबाज म्हणत असे, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्याने एकदाही बंदुकीचा चाप ओढलेला नव्हता. तरुणपणी कधीतरी त्याने एक पिसाळलेला लांडगा पहिल्याच गोळीत पाडला होता. त्या भांडवलावर नाव अजून चाललं होतं. शेतकरी मंडळाने एक दुनळी बंदूक परवान्यासकट त्याच्या हवाली केली होती. पिकात रानडुकरं शिरली की बंदोबस्त त्याने करायचा, असं ठरलेलं. दिवसभर पंप खोलायचे, संध्याकाळी बंदूक खांद्याला लावून ओढ्याकडे जायचं आणि दिवेलागणीला हात हलवत परत यायचं, हा त्याचा शिरस्ता.

"आज काय केलंत?" बायको विचारायची.

"बसलो."

"आणि डुक्कर?"

"तोही बसला."

यात त्याच्या चुलत्याचाही थोडा दोष होता. चुलता पट्टीचा शिकारी. त्याने पुतण्याला शिकवलं होतं, की ज्या जनावराची ओळख नाही त्याच्यावर बंदूक उचलायची नाही. ते कुठे खातं, कुठे लोळतं, कशाला बिचकतं, सगळं कळू दे, मग चाप ओढ. चुलता ओळख करून घ्यायचा आणि चाप ओढायचा. पुतण्याची गाडी ओळखीपाशीच अडली, ती अडलीच.

ओढ्याकाठच्या एका एकट्या डुकराशी तर त्याची ओळख फारच वाढली होती. थोराड नर, उजवा कान फाटलेला, स्वभाव मिजासखोर. लोळण्याआधी तो चिखल नाकाने चाचपून बघे, पाहुण्याने गादी चाचपावी तसा. मग आधी डावी कूस, मग उजवी, आणि शेवटी ठरलेल्या बुंध्याला पाठ घासायची. माद्या पिल्लं घेऊन आल्या की तोंड वाकडं करून बाजूला सरकायचा, पण उठून जायचा नाही. नेमबाजाने त्याचं नाव ठेवलं होतं जावई. येतो, खातो, लोळतो आणि त्याला कोणी काही बोलू शकत नाही, म्हणून. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती जागा तशी रिकामीच होती.

सुरुवातीला वारा फिरला, की माणसाचा वास लागून जावई धूम ठोकायचा. पुढे पुढे तो नुसता फुरफुरायचा. आता तर मान वर करायचेही कष्ट घेत नव्हता. हे आपल्या दबक्या पावलांचं यश आहे, असं नेमबाज मनापासून समजत असे.

एके दिवशी मंडळाचे अध्यक्ष त्याच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात आले आणि पालथ्या घातलेल्या डब्यावर बसले. त्यांचं बटाट्याचं शेत डुकराने नांगरून काढलं होतं.

"काय हो नेमबाज, बंदूक काय पाठ खाजवायला दिलीय तुम्हाला?"

"नजर आहे माझी त्याच्यावर."

"नजरेनं मरत नाही ते. मी बाहेरून शिकारी बोलावतोय. रविवारी येईल."

नेमबाजाच्या हातातला पाना खाली पडला. बंदूक गेली तर गेली, तिचं ओझंच होतं. पण रविवारनंतर ओढ्याकाठी बसून बघायचं कोणाला?

"मारायची गरजच काय?" तो घाईघाईने म्हणाला. "डुकराला दिसतं कमी, पण नाक तिखट असतं. माणसाच्या घामाचा वास आला की ते फिरकत नाही. मी माझे न धुतलेले सदरे शेताभोवती टांगतो. बघा तुम्ही!"

अध्यक्ष तयार झाले, कारण फुकटचं होतं; पण शिकाऱ्याचं बोलावणं त्यांनी मागे घेतलं नाही. घरी मात्र रण माजलं. होते नव्हते ते सगळे सदरे नेमबाजाने आळीपाळीने घालून, त्यात पंप उचलून, उन्हात कवायत करून घामाने पिळून काढले. बायकोने नाकाला पदर लावला.

"डुक्कर राहू दे, आधी मी पळून जाईन," ती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी सदरे काठ्यांवर चढले. रविवारी सकाळी गाव बघायला गेलं. शेताचा मधला भाग शाबूत होता. सदऱ्यांच्या खालची जमीन मात्र खणून, उलटून, मऊ करून ठेवलेली. एका सदऱ्याची बाही चावलेली. लोक पोट धरधरून हसले. नेमबाज मान खाली घालून मातीकडे बघत राहिला. असं होणं शक्यच नव्हतं, आणि झालं तर होतं.

तेवढ्यात बाहेरचा शिकारी आला. तरणाबांड, शांत पोरगा. तो हसला नाही. उकिडवा बसून त्याने माग बघितले, हाताने माती चाचपली, सदरा हुंगला, आणि नेमबाजाकडे आदराने पाहिलं.

"काका, ते तुमच्या सदऱ्याखाली झोपलं होतं," तो म्हणाला. "हा बघा अंगाचा ठसा. तुम्ही त्याच्याजवळ पुष्कळ बसता का?"

"बसतो, अधूनमधून."

"वर्षानुवर्षं बसला असाल. जिथे हा वास, तिथे धोका नाही, हे शिकलंय ते. असं मी कधी बघितलं नव्हतं." मग तो अध्यक्षांकडे वळला. "काम सोपं झालं. काकांचा एक सदरा उघड्यावर टांगायचा आणि मी समोर बसायचं. सरळ चालत येईल."

इतकी वर्षं नेमबाज जनावर ओळखत होता, आणि जनावर त्याला ओळखत होतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. ऐकून आनंद व्हायचा तो झाला, आणि पुढच्याच क्षणी त्या आनंदावर विरजण पडलं.

"द्या की मग सदरा," अध्यक्ष म्हणाले.

"आम्ही बाहेर पडलो की यांचे घरात उरलेले सगळे घामट कपडे भिजत घालायला सांगून आलेय मी शेजारणीला," बायको मध्येच म्हणाली. तिने कोणालाही काही सांगितलेलं नव्हतं. "आणि हे टांगलेले तर त्याने चिखलाच्या अंगाने घासून मळवले. त्यांना आता यांचा कसला वास? अंगातला आहे तो देते संध्याकाळी. तोवर आणखी मुरेल."

"चालेल काकू. जितका मुरेल तितका चांगला," पोरगा म्हणाला.

घरी येताना ती नवऱ्याच्या पुढे झपाझप चालत होती. दारात मात्र थांबली.

"संध्याकाळपर्यंतचा वेळ मिळालाय," ती म्हणाली. "जन्मभर ते डुक्कर वाचत बसलात ना? मग त्याला कसं वाचवायचं, तेही बघा."

नेमबाज बंदूक घेऊन निघाला. कपाटातून त्याने पाखरांवर झाडायची, बारीक छर्ऱ्यांची काडतुसं तेवढी घेतली.

जावई चिखलात आडवा होता. वारा नेमबाजाच्या पाठीवरून थेट त्याच्याकडे जात होता. जावयाने एक कान हलवला आणि परत डोळे मिटले.

"ऊठ," नेमबाज म्हणाला. "ऊठ, नालायका! चालता हो इथून!"

जावयाने कूस बदलली. नेमबाजाने ढेकूळ फेकलं. ते पाठीवर फुटलं, तसा जावई सुखाने गुरगुरला. पाठ खाजवून मिळाली, असाच त्याचा समज झाला असावा. मग नेमबाजाने हात उंचावून थयथयाट केला, पायातला बूट काढून मारला, जिभेवर येतील तेवढ्या शिव्या हासडल्या. जावई उठला आणि बूट हुंगायला गेला. हुंगून झाल्यावर तो बूट तोंडात धरून दोन पावलं नेमबाजाच्याच दिशेने आला.

नेमबाजाला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. तो मागे मागे सरकत गेला. छर्रे कातडीला झोंबतील पण आत शिरणार नाहीत, असं अंतर त्याला डोळे मिटूनही कळत होतं. तिथे तो थांबला. जावई बूट टाकून बुंध्याकडे वळला. नेमबाजाने नेम धरला. छर्रे जिथे बसायला हवे होते तिथेच बसले, मागच्या मांसल पुठ्ठ्यावर.

जावई किंचाळला. वळून त्याने एकदा नेमबाजाच्या दिशेने नाक उचललं. नेमबाजाने दुसरी नळीही झाडली आणि त्यानंतर नुसती झुडपं हलताना दिसली.

संध्याकाळी त्याने अंगातला सदरा काढून दिला. दोन बार झाल्याचे आवाज गावाने ऐकले होते. "दोन्ही हुकले वाटतं!" असं म्हणून लोक आणखी एकदा हसून घेत होते, तेवढ्यात शिकाऱ्याने सदरा हुंगला.

"याला बारूद लागलीय, काका."

"लागली असेल."

पोरगा क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने सदरा टांगला आणि त्याच्यासमोर पहाटेपर्यंत बसून राहिला. डुक्कर काही आलं नाही. जाताना त्याने सदरा नीट घडी करून काकूंच्या हातात दिला.

पुढे गंमत अशी झाली, की नेमबाजाचा सदरा टांगला की डुक्कर खरोखरच त्या शेताकडे फिरकेना. अध्यक्षांना हे कळल्यावर सगळ्या मंडळालाच सदरे हवे झाले. ज्या लोकांनी पोट धरून हसून घेतलं होतं, ते दारात येऊन "काकू, जरा जास्त वापरलेला द्या," म्हणू लागले. बंदूक नेमबाजाकडेच राहिली आणि नाव पुन्हा झळकलं. घरात कपडे धुणं मात्र बंदच पडलं.

नेमबाज अजूनही ओढ्याकडे जातो. आता त्याला वारा तोंडावर घेऊन, झुडपाआड, तरण्या शिकाऱ्यासारखं अंग चोरून बसावं लागतं. गुडघे कुरकुरतात. परवा जावई लांबवर दिसला, जाडजूड, तब्येतीने उत्तम. तेवढ्यात वारा फिरला. जावयाने नाक वर केलं आणि जीव घेऊन पळत सुटला.

"दिसला का?" बायकोने ताट वाढताना विचारलं.

"दिसला. माझा वास लागला, तसा पळाला."

"बरं झालं मग."

"हो. बरंच झालं," नेमबाज म्हणाला आणि समोरच्या ताटाकडे नुसता बघत राहिला. ती त्याच्याजवळ येऊन बसली.