खालची डावी बाजू

लेकीनं बंगळुरूहून स्मार्ट टूथब्रश पाठवला तेव्हा मला पहिला प्रश्न पडला, की इतकी वर्षं आम्ही काय बिनडोकासारखे दात घासत होतो? फोनवर तिनं समजावलं. दांडीच्या पोटात म्हणे हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. दांडी कशी धरली, कुठे वळवली, यावरून तोंडात कुठे घासणं चाललंय ते त्याला कळतं. मग मोबाईलवर जबड्याचं चित्र येतं. घासलेला भाग निळा, राहिलेला करडा. "आणि आई, मलाही इकडे दिसतं हं," ती म्हणाली. म्हणजे झालंच की!

दांडी एकच होती, पण खोक्यात ब्रशची डोकी दोन निघाली. एवढी महागाची वस्तू, एकट्यानं वापरायची म्हणजे काय? एक डोकं मी घेतलं, एक आमच्या ह्यांना दिलं. हे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. "माझ्यावर लक्ष ठेवायला आता मशीन कशाला? तू आहेस की," म्हणाले, पण वापरायला लागले. आधी मी घासायची, मग ते. चहा झाला की मी सवडीनं मोबाईल बघायची.

तर चित्रात खालची डावी बाजू करडी. दुसऱ्या दिवशीही करडी. अहो, मी घासली होती! शपथेवर सांगते, घासली होती.

लेकीचा फोन आला. "आई, लोअर लेफ्ट रोज मिस होतंय. तू फिरत फिरत घासतेस ना? सेन्सर कन्फ्यूज होतो. आरशासमोर एका जागी उभी राहा बघू." आता पाणी भरायचं, दूध आत घ्यायचं, कचरेवाल्या बाईंना थांबवायचं, हे सगळं माझं तोंडात ब्रश धरूनच होतं. आमच्या सोसायटीत एका जागी उभं राहून दात घासणारं कोणी मी तरी पाहिलेलं नाही. तरी राहिले उभी, फोटो काढून घेत असल्यासारखी. करडंच!

मग वाटलं, माझ्या हातालाच काही झालंय. मी वळवतेय असं मला वाटतं आणि हात वळतच नाही की काय? पोळ्या लाटता लाटता मनगट निरखायची. भीती वाटायला लागली, खोटं कशाला बोलू. डावीकडे इतका जोर लावून घासायला लागले, की हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बेसिनमधली लाल थुंकी बघत हे दारात उभे राहायचे. मला वाटायचं, मनातून हसतायत.

मध्ये शनिवार-रविवार हे खडकवासल्याला बहिणीकडे गेले. शनिवारी चित्र बघते तो काय, सगळं निळं! रविवारीही निळं. लेकीला कौतुकानं सांगितलं, जमलं बाई एकदाचं. सोमवारी हे घरी होते, आणि खालची डावी बाजू पुन्हा करडी.

चहाचा कप हातात तसाच राहिला. मोबाईल माझा, म्हणून चित्रातलं तोंडही माझंच, असं मी आपली धरून चालले होते. चित्र तर जो सगळ्यात शेवटी घासेल त्याचं दिसायचं. आणि माझ्यानंतर ब्रश कोणाच्या हातात जात होता?

ह्यांच्या कारखान्यात दारूगोळा बनायचा. काडेपेटी फाटकाच्या आत न्यायला बंदी, त्यामुळे विडी-सिगारेटचं नाव नाही, सगळे आपले तंबाखू मळायचे. ह्यांची चिमूटही तिथेच असायची, डाव्या गालात, खाली. निवृत्तीच्या दिवशी सोडली ती सोडलीच. सुटली म्हणजे विषय संपला, असं मला वाटलं होतं.

हे पेपर वाचत होते. मी मोबाईलचा टॉर्च लावला. "आ करा."

"का? दातांचं प्रदर्शन भरवतेस?"

"आ करा म्हणते ना!"

केला, पण अर्धवटच. तोंड पूर्ण उघडतच नव्हतं. डाव्या गालात, हिरडीला लागून, पांढरा चट्टा होता आणि मधोमध लालभडक.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. ब्रश लागला की आग होते."

"आणि मी इकडे हिरड्या सोलून घेतेय!"

त्यांनी पेपरची घडी घातली. "तुझं रक्त दिसायचं ना, तेव्हा रोज वाटायचं, आता सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

मला रडूही येत होतं आणि संतापही. ह्या माणसाला जवळ घ्यावं की धरून बदडावं, तेच कळेना.

"चपला घाला," मी म्हटलं.

"अगं, डॉक्टर अकराला येतात."

"मग त्यांच्या दारात बसू. चपला घाला."