टाकीतला एकटा मासा

आई गेल्यापासून तिची समुद्री माशांची टाकी बाबाच सांभाळतात. टाकीत आता एकच क्लाउनफिश उरलाय, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला. त्याची मादी नुकतीच मेली. मासे विकणारा म्हणाला, "एक छोटा आणून सोडा. हा नर आहे ना, तोच आता मादी होईल. यांच्यात असंच असतं." बाबा काच पुसत राहिले.

गेलेलीची जागा भरायची म्हणून तो मुका जीव आतून सगळा बदलणार. दुःख करायला तरी त्याला सवड मिळत असेल का?

आज मी सासरी परत निघाले, तेव्हा बाबा वाटी घेऊन दारापर्यंत आले. निघताना हातावर दही ठेवायचं काम आईचं. बाबा तोवर रिक्षा बघायला खाली गेलेले असायचे. त्यांनी जपून चमचाभर दही माझ्या तळहातावर ठेवलं. "पोचलीस की फोन कर गं," तेही तिच्याच सुरात.

साखर घालायची राहिली होती. ते आंबट दही मी चाटूनपुसून खाल्लं आणि म्हटलं, "बाबा, अजून थोडं द्या ना."