अप्पांनी डिलीट केलेल्या चादरी

गेल्या शनिवारी सोलापूरला घरी गेले होते. अप्पांचा कॉम्प्युटर स्लो झालाय तो बघायचा, एवढंच काम होतं... माझ्या अंदाजानं अर्ध्या तासाचं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, चादरींची डिझाइन्स काढतात. यंत्रमागावर नक्षी विणण्याआधी ती चौकट चौकट भरून काढावी लागते, ते काम. आधी ग्राफ पेपरवर करायचे, मी इंजिनिअरिंगला असताना त्यांना कॉम्प्युटरवर करायला शिकवलं. चादरीवर कारखान्याचं नाव येतं, नक्षी काढणाऱ्याचं येत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांची हार्ड डिस्क खराब व्हायला लागली, तेव्हा तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, मीच बसवली. त्यांचं आणि माझं सगळं तिच्यावर कॉपी केलं, जुनी डिस्क भंगारात दिली आणि पुण्याला परत गेले. दुसरी कॉपी नंतर करू, असं ठरवलं होतं.

गेलं वर्षभर त्यांच्या फोनच्या शेवटी एक वाक्य असायचं. "कॉम्प्युटर लई हळू चालायलंय की गं." मी बहुतेक वेळा दोन मीटिंगच्या मध्ये असायचे. डिस्क भरली असेल, नको असलेलं डिलीट करा, रीसायकल बिनपण रिकामी करा... दोन मिनिटांत फोन संपायचा. सल्ला बरोबरच होता.

शनिवारी घड्याळ लावून पाहिलं. सुरू व्हायला सात मिनिटं. केबल ठीक, तापमान ठीक, एसएसडीची तब्येत दाखवणारा रिपोर्टही चांगला. मग मोकळी जागा पाहिली, तर फक्त दोन जीबी.

एसएसडी अशी काठोकाठ भरली की काहीही नवीन लिहिण्याआधी तिला आतल्या आत हलवाहलव करून जागा करावी लागते, म्हणून ती रखडते. बिघाड काहीच नव्हता. कुठला फोल्डर सर्वांत मोठा ते शोधलं. त्यावर माझं नाव होतं.

कॉलेजचे प्रोजेक्ट, लेक्चरचे व्हिडिओ, कुठली कुठली सॉफ्टवेअर... एकशे साठ जीबी. पास झाल्यापासून मी तो एकदाही उघडला नव्हता.

तो काढला आणि कॉम्प्युटर चाळीस सेकंदांत सुरू झाला. अप्पा आईला म्हणाले, "बघ, पोरीनं हात लावला की झालं." मी पण खूश होते. आता बॅकअप घेऊन टाकू म्हणून त्यांचा डिझाइनचा फोल्डर उघडला.

नऊ फाइल्स. दोनशेच्या वर असायला हव्या होत्या.

"बाकीच्या कुठं आहेत, अप्पा?"

"तूच म्हणलीस की, डिलीट करा म्हणून. दर महिन्याला थोड्या थोड्या काढायलोय."

"पण माझा एवढा मोठा फोल्डर होता. तो का नाही काढलात?"

"तुझं शिक्षण हाय की त्यात. त्याला कसा हात लावू?"

रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं. काही फाइल्सची नावं मिळाली... उघडल्या तर आत काही नाही. जुन्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेलं पुष्कळ दिवस तसंच पडून असतं, शोधता येतं. एसएसडी ती जागा स्वतःच साफ करून ठेवते, पुढचं काम वेगानं व्हावं म्हणून. हे मला माहीत होतं. अप्पांना माहीत असायचं कारण नव्हतं.

वर्षभरातल्या त्या सगळ्या फोनमध्ये "काय काय डिलीट केलंत?" असं मी एकदाही विचारलं नाही. पाच सेकंदांचा प्रश्न होता.

ग्राफवरची जुनी डिझाइन्सही त्यांनी स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. मूळ कागद वाळवीनं कधीच खाल्ले, आणि कारखाने जुनी नक्षी जपून ठेवत नाहीत.

अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. कपाटातून एक चादर काढून खिडकीपाशी अंथरली आणि धागे मोजायचं भिंग घेऊन आले. "कापडात हाय की सगळं. मोजायचं."

रविवारी सकाळी सोलापूरच्या नवी पेठेत ग्राफ पेपर शोधत फिरले. दोन दुकानांत नव्हताच. तिसऱ्या दुकानदारानं वहीच्या आकाराचा पुढं केला. "मोठा आता कोण घेतंय, ताई? हेच चिकटवून घ्या."

दुपारभर मी भिंगातून मोजत होते आणि अप्पा चौकटी भरत होते. चार लाल, दोन पांढरे, चार लाल... एकदा ते चादरीकडे न बघताच म्हणाले, "तितं तीन हायत. नीट बघ." तीनच होते.

कोपऱ्यात आठ पाकळ्यांचं फूल आलं. त्यातली एक पाकळी आखूड होती. विणताना चुकली का, म्हणून विचारलं.

"चुकली न्हाय. ती माझी," अप्पा म्हणाले. प्रत्येक डिझाइनमध्ये एक पाकळी ते मुद्दाम आखूड ठेवतात. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं... मी विचारलं नव्हतं.

घरात अशा अकरा चादरी आहेत. बाकीच्या विकल्या जाऊन लोकांच्या घरी गेल्या, कदाचित तुमच्याही. म्हणून ही पोस्ट.

तुमच्याकडे सोलापुरी चादर असेल तर कोपऱ्यातलं फूल बघा. एक पाकळी आखूड असेल, तर चादर सपाट अंथरून, दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून फोटो काढून मला पाठवा. शेजारी मोजपट्टी ठेवा. जुनी, विरलेली असली तरी चालेल.

आलेला प्रत्येक फोटो मी तीन ठिकाणी सेव्ह करणार आहे. आणि दर वेळी अप्पांना फोन करून विचारणार आहे, हे तुमचंच ना... मीटिंग असली तरी.