अंड्याखालचा भात

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणत. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, सुटा धागा दिसला की छोट्या कात्रीने उडवायचा आणि टाका चुकला असेल तर शर्ट शिवणारीच्या पुढ्यात परत टाकायचा, हे काम ती एकवीस वर्षं करत होती. वरून सगळेच शर्ट चांगले दिसतात, असं ती म्हणे. माणसांबद्दलही तिचं मत फार वेगळं नव्हतं. दूधवाला हसला तर ती आधी पातेल्यात डोकावून बघे.

अशा बाईच्या फ्रिजमधली अंडी नाहीशी व्हायला लागली.

सोमवारी बारा होती, बुधवारी पाच. घरात माणसं दोनच, ती आणि नवरा. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, सकाळची पाळी संपवून दोनला घरी यायचा आणि ती सहाला येईपर्यंत झोपायचा, असा तिचा आजवरचा समज होता.

"अहो, अंडी कुठे गेली?" तिने विचारलं.

"खाल्ली असतील," तो म्हणाला. कोणी खाल्ली ते त्याने सांगितलं नाही.

अंड्यांचं एकवेळ ठीक. पण ओट्यावर तवा घासून पालथा घातलेला दिसला तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. या माणसाने अठ्ठावीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप विसळला नव्हता, मग तवा का घासला? पुरावा नाहीसा करायलाच माणूस घासपूस करतो. मग तिला दिसलं की टोमॅटो केचपची बाटली तळाला गेली आहे, लोणी अर्धं झालं आहे, आणि नवऱ्याचा पट्टा एक भोक पुढे सरकला आहे. फोन तो हल्ली पालथा ठेवायचा. एरवी याच फोनवरच्या क्रिकेटने त्याने तिचं डोकं उठवलं होतं.

शेजारच्या वहिनींनी उरलीसुरली कसर भरून काढली. वाळत घातलेले कपडे काढता काढता त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे दुपारी कुणी पाहुण्या येतात का हो? बाईचा आवाज येतो. भाषा काही कळत नाही, पण गोड बोलते. आणि भाऊजी आपले मधूनच म्हणतात, पुन्हा, पुन्हा."

"आमच्याकडे कोण येणार?" भिंगबाई म्हणाली आणि घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत बसली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. परभाषेतली बाई, आणि तीही अंडी खाणारी. या वयात. लिफ्ट दुरुस्त करता करता कुठल्या मजल्यावर भेटली असेल, याचाही तिने हिशेब मांडून पाहिला.

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. तसंही काम धड होत नव्हतं. गेले काही महिने उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, कात्री हातातून सुटायची. डॉक्टरांनी तपासण्या करायला लावल्या होत्या. रिपोर्ट नवऱ्याने आणला, "नस थोडी दबलीय, गोळ्या घे," म्हणून सांगितलं, आणि ती मुकाट्याने गोळ्या घेत होती.

तीन वाजता तिने आवाज न करता कुलूप उघडलं. आतून खरोखरच बाईचा आवाज येत होता. चप्पल न काढताच ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

नवरा तिचा एप्रन बांधून गॅससमोर उभा होता. साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये एक जपानी बाई पॅनमध्ये अंडं ढवळत होती. तो तिच्याकडे बघून तसंच ढवळत होता. अंडं अर्धवट जमलं तेव्हा त्याने केचपमध्ये परतलेला तांबूस भात मधोमध ठेवला, पॅन तिरका केला, दांडा धरलेल्या मनगटावर दुसऱ्या हाताच्या मुठीने हलकेच ठोकलं आणि सगळं ताटलीवर उपडं केलं. पिवळं, गुबगुबीत काहीतरी ताटलीवर पडलं. एका बाजूने फाटलं होतं आणि तिथून भात बाहेर डोकावत होता.

"पुन्हा फाटलं," तो म्हणाला, आणि मग त्याला ती दिसली.

भिंगबाईला आधी हसू आलं. इतकं आलं की तिने दाराची चौकट धरली. पण हसता हसताच ती थांबली. कारखान्यातल्या एका बाईचा नवरा असाच एकाएकी स्वयंपाक शिकायला लागला होता. वर्षभरात ती बाई गेली. नवऱ्याला आधीच माहीत होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"माझ्या रिपोर्टात काय आहे?" तिने विचारलं.

त्याने गॅस बंद केला. फोनही बंद केला.

"तुम्ही कुणासाठी शिकताय हे? एकट्यासाठी?"

"वेडी आहेस का," तो म्हणाला, पण आवाज साधा नव्हता. कपाटातल्या कपड्यांखालून त्याने लिफाफा काढून आणला. तिने तो उभ्याउभ्या तीनदा वाचला. मरणाचं त्यात काही नव्हतं. मनगटाचं ऑपरेशन लगेच करायला हवं, उशीर केला तर अंगठा कायमचा निकामी होईल, आणि नंतर सहा आठवडे उजव्या हाताने काही करायचं नाही, असं लिहिलं होतं. कागदावरची तारीख बावीस दिवसांपूर्वीची होती.

"बावीस दिवस दडवून ठेवलंत?" तिला संताप आला. "अंगठा माझा आहे."

"चुकलंच," तो म्हणाला. "सोमवारची वेळ घेतलीय मी. काल सांगणार होतो, पण हे अजून फाटतं."

"सोमवारी? सहा आठवडे? आणि मग घरात स्वयंपाक कोण करणार? तुम्हाला साधं..."

ती मध्येच थांबली. तो ताटली हातात धरून उभा होता.

"हेच म्हणणार होतीस तू," तो म्हणाला. "म्हणून आधी हे शिकलो. हे एका हाताने खाता येतं. काही तोडायला नको, चिरायला नको. नुसता चमचा. डाव्या हातानेसुद्धा जमतं, मी रोज डाव्या हातानेच खाऊन बघतोय."

तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. हा माणूस तीन आठवडे तिच्या नाही म्हणण्याला घाबरून चोरासारखा अंडी फोडत होता, आणि ती मजले मोजत होती.

त्याने खुर्ची ओढली. ती बसली, सवयीने चमचा उजव्या हातात घेतला.

"तो नाही," तो म्हणाला.

तिने चमचा डाव्या हातात घेतला. पहिला घास ताटलीत सांडला, दुसरा मांडीवर. तिसरा तोंडात गेला.