सकाळीच दोन कापली, साहेब

आमचे हे खाटीक. बापाचं दुकान, बापाचाच लाकडी ओंडका आणि बापासारखीच तोंडाला कुलूप घालायची सवय. बाजारात सगळे त्यांना मौनीबाबा म्हणतात. गिऱ्हाइकाने भाव विचारला की पाटीकडे बोट दाखवतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, बाई गं, आता भिंतीशी संसार करायचा की काय. असा माणूस लढाई सुरू झाल्यावर नेमका नको तिथे बोलला.

सैन्यातून बोलावणं आलं तेव्हा गल्लीतले सगळे गेले. इस्त्रीवाला गेला, शाळेतले मास्तर गेले. हेही भरतीच्या रांगेत उभे राहिले, पण पाळी आल्यावर बंदूक हातात घेईनात. "मी माणूस मारणार नाही," म्हणाले. हवालदाराने धंदा विचारला. "खाटीक," म्हटल्यावर अख्खी रांग हसली. संध्याकाळपर्यंत ते बाजारभर झालं आणि मी मान खाली घालून भाजी घेतली.

कायद्यात एक फट होती. ज्याला जीव घेणंच पाप वाटतं, त्याने तसं समितीला पटवून दिलं तर सूट. नाहीतर तुरुंग. समितीच्या कचेरीतला शिपाई आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याने मला बाजूला घेतलं. "वहिनी, धंदा सोडला म्हणायचं. सुरीला हात लावत नाहीत म्हणायचं. लगेच सुटतील."

घरी येऊन मी दुकानाचं शटर खाली ओढलं.

"हे काय?" यांनी विचारलं.

"सुनावणीपर्यंत उघडायचं नाही. तुम्हाला जीव घेणं पाप वाटतं ना, म्हणून."

"बकऱ्याचं नाही वाटत."

"अहो, पण म्हणायला तुमच्या खिशातलं काय जातंय?"

"बापाने जन्मभर पाप केलं म्हणू?"

कपाळ माझं! हा माणूस असाच. मागच्या खोलीत एका वेळी एकच जनावर नेतात आणि दार लावून घेतात, दुसऱ्याला दिसायला नको म्हणून. आधी पाणी पाजतात, मानेवरून हात फिरवतात. एक झालं की खोली धुऊन काढायची, मगच दुसरं. घाईतली गिऱ्हाइकं वैतागून शेजारच्या दुकानात जातात, तरी यांचं आपलं तेच. मी म्हणायचे, एवढं गोंजारणं कधी बायकोच्याही वाट्याला येऊ द्या.

समितीची खोली लांबलचक होती, टेबलामागे तीन साहेब. मला साक्षीला उभं केलं. मी बेधडक ठोकून दिलं, "धंदा सोडला, साहेब. शटर बंद आहे, कुणालाही विचारा." मधल्या साहेबांनी मान हलवली, पेनाचं टोपण काढलं. माझा जीव भांड्यात पडतोय तोच हे मागून उठले.

"सकाळीच दोन कापली, साहेब. मागच्या दाराने."

दारातला शिपाईसुद्धा हसला. साहेबांनी विचारलं, "मग माणसाचीच काय अडचण आहे तुला?"

"बकरं लोकांच्या पोटासाठी कापतो. माणूस मारून कुणाचं पोट भरतं?"

साहेबांनी टोपण परत लावलं. स्वतःच्या पायावर धोंडा कसा मारून घ्यावा, ते आमच्या यांच्याकडून शिकावं. मला इतका संताप आला की तिथून नेताना मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते मला अजून सलतं.

तुरुंगात त्यांना स्वयंपाकघरात घातलं. मटण तोडायला माणूस हवाच होता. बंदूक धरत नाही म्हणून आत टाकलेल्या माणसाच्या हातात रोज सकाळी सुरी द्यायची आणि संध्याकाळी काढून घ्यायची, असा तो कारभार. मी दुकान चालवत होते. कापणं मला जमत नाही, शेजाऱ्याकडून आणून विकायचे. भेटीला गेले की जाळीतून मी एकच घोशा लावायचे, "बंदुकीला हो म्हणा. पाया पडते, हो म्हणून टाका." आधी ते नुसते बघत बसायचे. पुढे पुढे मी काहीही बोलले तरी मान डोलवायला लागले. हा गडी कधी कुणापुढे मान डोलवणारा नव्हता. मला धडकी भरली.

सुटकेच्या दिवशी त्यांचा निळा शर्ट घेऊन मी फाटकाशी उभी होते. ते छोट्या दारातून वाकून बाहेर आले. अंग एवढं आटलं होतं की शर्ट मीच चढवला. मी बटणं लावत होते तेवढ्यात शेजारी सैन्याची गाडी येऊन थांबली. तिच्यातून एक अधिकारी उतरला.

"पुन्हा बोलावणं आहे. येतोस का? नाही म्हणालास तर याच दाराने परत आत."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग."

उभ्या जन्मात त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. त्यांच्या मानेवरची शीर उडत होती, मागच्या खोलीत नेताना जनावराची उडते तशी. मला ते घरी हवे होते. मी "हो" म्हटलं असतं तर ते गाडीत चढले असते, माझ्यासाठी बंदूकही धरली असती. पुढे घरी परतलेल्या त्या माणसाला मी कुठल्या तोंडाने जेवायला वाढलं असतं?

"नाही म्हणतात ते," मी अधिकाऱ्याला सांगितलं.

यांनी श्वास सोडला. वरची दोन बटणं राहिली होती, ती मी लावली आणि बाजूला झाले. नाही मी म्हणाले, आणि आत ते गेले.