आमच्या शनिवारचा पीई

चार माणसं दर आठवड्याला एकत्र बसून एकच विषय चघळत राहिली, की किस्से आपोआप साठतात. नारायण पेठेत बापटांचं शेअर ब्रोकरचं छोटं ऑफिस होतं, तिथे आमचा शनिवार भरायचा. गणिताचे निवृत्त शिक्षक दामले सर, बँकेतल्या वर्षाताई, हिंजवडीत नोकरी करणारा शिंदे आणि मी. सर आता मुलीकडे बंगळुरूला असतात. शनिवार आला की मला अजूनही चुकल्याचुकल्यासारखं होतं.

नियम सरांचा. शेअर घ्यायचा तर आधी सगळ्यांसमोर त्याचा पीई सांगायचा. शेअरच्या भावाला त्याच्या वर्षाच्या कमाईने भागायचं, म्हणजे एक रुपया कमाईसाठी आपण किती रुपये मोजतोय ते कळतं. मग सर बोलणार आणि आपण ऐकून घेणार!

*

मी एकदा एक साखर कंपनी शोधून काढली. पीई फक्त चार! मी अगदी उभं राहून सांगितलं. सरांनी कंपनीचा वार्षिक अहवाल मागून घेतला आणि शांतपणे चाळला. कंपनीने त्या वर्षी कारखान्यामागची जमीन विकली होती, नफा सगळा तिचाच.

"जमीन दरवर्षी विकणार आहेत का?"

मी खाली बसलो.

*

शिंदेला एका नव्या ॲपवाल्या कंपनीचं वेड लागलं. कंपनी तोट्यात, त्यामुळे पीई निघेचना. तो म्हणाला, इथे प्रॉफिट नाही बघायचा सर, ग्रोथ बघायची.

"अस्सं. मग आपण हिंजवडीत पगाराऐवजी ग्रोथच घेता का?"

पुढे त्याने खराडीत फ्लॅट बघितला. सरांनी किमतीला वर्षाच्या भाड्याने भागलं आणि नाक मुरडलं. शिंदेने तरी घेतला. वास्तुशांतीला सर आले, श्रीखंड दोनदा घेतलं, बाल्कनीत बराच वेळ उभे राहिले. निघताना म्हणाले, "महागच आहे. पण वारा छान येतो."

*

सरांना गप्प केलं ते फक्त वर्षाताईंनी. लेकीच्या लग्नासाठी त्या सोनं घेणार होत्या. सर म्हणाले, सोनं काही कमवत नाही, त्याचा पीई काढायचा कसा?

"रिटायर झाल्यापासून तुम्हीही कमवत नाही, सर. काकूंनी विकलं का तुम्हाला?"

सर चहा ढवळत राहिले. मग हळूच म्हणाले, "पेन्शन आहे."

*

मग सगळेच मोबाइलवरून शेअर घ्यायला लागले. आम्हीसुद्धा, सरसुद्धा. शनिवारी यायचो, बापटांचा चहा प्यायचो आणि ऑर्डर मात्र ॲपवर टाकायचो. बापटांच्या हाती दलाली पडेनाशी झाली. एका क्लासवाल्याने जागा मागितली, तेव्हा त्यांनी सरांपुढे हिशेब ठेवला आणि विचारलं, "तुम्हीच सांगा, ठेवू की विकू?"

खर्च कमाईपेक्षा जास्त होता. तोट्यातलं काहीही विकून मोकळं व्हा, असं सर आम्हाला कायम सांगत आलेले. ही जागा गेली की शनिवार गेला, हे चौघांनाही कळत होतं. वर्षाताई खिडकीबाहेर बघत बसल्या.

सरांनी कॅल्क्युलेटर हातात घेतला आणि एकही बटण न दाबता पुन्हा खिशात ठेवला. मग आपला मोबाइल टेबलावरून बापटांकडे सरकवला.

"बापट, हे ॲप तेवढं काढून टाका. मला ते जमत नाही."